आजारपणानंतर माणसाचे शब्द का बदलतात?

प्रश्न थोडक्यात असा आहे. मणक्याच्या दीर्घ आजारातून उठलेल्या एका व्यक्तीला घरचे सांगतात की तिचे बोलणे बदलले आहे. विषय पैशांचा असो वा नात्यांचा, बोलण्यात ‘ओझे’, ‘तोल’, ‘आधार’, ‘दम’ हेच शब्द पुन्हा पुन्हा येतात. शरीराला जे भोगावे लागते ते खरोखरच शब्दांच्या निवडीत उतरते, की हा भाषेतल्या तयार वाक्प्रचारांचा योगायोग आहे? आणि ते उतरत असेल, तर ज्याने एखादी गोष्ट शरीराने अनुभवलीच नाही त्याच्या तोंडी तिचे शब्द पोकळ असतात का?

वाचा व भाषा उपचाराच्या क्षेत्रात मी बरीच वर्षे काम करत आले आहे आणि माझ्या मते घरच्यांचे निरीक्षण बरोबर असण्याची शक्यता मोठी आहे. मात्र ‘शरीर शब्द निवडते’ या एका विधानात तीन निरनिराळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात: बोलण्याचे अवयव काय उच्चारू देतात, आपल्या आधीच्या माणसांच्या शरीरांनी भाषेत काय साठवून ठेवले आहे, आणि आपल्या स्वतःच्या शरीराची आजची अवस्था त्या साठ्यातले काय वर आणते. या तिन्हींची सरमिसळ झाली की कोणाला सगळे शरीरच ठरवते असे वाटू लागते, तर कोणाला सगळेच थोतांड वाटते.

पहिल्या गोष्टीची चर्चा सर्वांत कमी होते, पण शरीराचा सर्वांत थेट हस्तक्षेप तिथेच दिसतो. अडखळत बोलणाऱ्या व्यक्तीला ‘मंगळवारी भेटू’ असे म्हणायचे असते, पण ‘म’साठी मिटलेले ओठ वेळेवर सुटणार नाहीत ही जाणीव तिला उच्चाराच्या क्षणभर आधीच होते, आणि बाहेर वाक्य येते ते ‘सोमवार झाला की भेटू’. ऐकणाऱ्याला यातले काहीच कळत नाही. कित्येक जण या अदलाबदलीत इतके तरबेज होतात की त्यांचे अडखळणे जवळजवळ ऐकूच येत नाही. त्यांचे बोलणे फक्त थोडे लांबण लावणारे, आडवळणाचे वाटते, आणि लोक त्याचा अर्थ अनिश्चितपणा किंवा लपवाछपवी असा लावतात. हा मोठा अन्याय आहे. स्वतःचे नाव सांगताना अनेकांना सर्वांत जास्त त्रास होतो त्याचे एक कारणही हेच आहे: नावाला समानार्थी शब्द नसतो.

श्वासाचेही तसेच आहे. शांत बसलेलो असताना श्वास घेण्याच्या आणि सोडण्याच्या वेळांत फार मोठा फरक नसतो. बोलताना मात्र आपण झटकन श्वास आत घेतो आणि तो पुरवून पुरवून सोडतो, कारण आपले बोलणे उच्छ्वासावर चालते. फुप्फुसांच्या जुनाट विकारात किंवा छाती-पाठीच्या दुखण्यामुळे श्वास उथळ झाला असेल तर ही पुरवणूक साधत नाही आणि वाक्य भलत्याच जागी तुटते. मराठीसारख्या भाषेत याची किंमत जास्त मोजावी लागते, कारण आपले क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि ‘नाही’ तर त्याच्याही नंतर. ज्या शब्दावर सारा अर्थ अवलंबून, तो नेमका श्वास संपत आलेला असताना उच्चारायचा असतो. पार्किन्सनच्या आजारातही वाक्य पुढे सरकते तसा आवाज खाली जातो, त्यामुळे ‘मला गोळी घ्यायची नाही’ यातले ‘नाही’ ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचतच नाही. म्हणून अशा व्यक्तींना आम्ही ‘नको गोळी’, ‘द्या जरा पाणी’ अशी वाक्ये सुचवतो. घरच्यांना ही वाक्ये तुटक किंवा आज्ञा सोडल्यासारखी वाटू शकतात. त्यांना एवढेच समजावून सांगावे लागते की स्वभाव बदललेला नाही. वाक्याची रचना श्वासाच्या लांबीएवढी केलेली आहे.

दुसरी गोष्ट भाषेच्या साठ्याची. भाषाशास्त्रज्ञ जॉर्ज लॅकॉफ आणि तत्त्वज्ञ मार्क जॉन्सन यांनी १९८० मध्ये असे मांडले की अमूर्त गोष्टींविषयी आपण जे बोलतो त्याचा पाया बहुतेक वेळा शरीराच्या ठोस अनुभवात असतो: वर-खाली, आत-बाहेर, जड-हलके, ऊन-गार. मराठीत याचे पुरावे शोधत जावे लागत नाही. मुद्दा गळी उतरतो किंवा पचनी पडत नाही, अपराध पोटात घातले जातात, सवय अंगवळणी पडते, संधी हातातून निसटते. भावनांच्या बाबतीत तर हा साठा शरीराच्या नकाशाइतका नेमका आहे. लॉरी नुमेनमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ७०१ व्यक्तींनी मानवी आकृतीवर रंग भरून दाखवले की कोणत्या भावनेत शरीराच्या कोणत्या भागात हालचाल वाढल्यासारखी किंवा मंदावल्यासारखी वाटते. सहभागी व्यक्ती फिनलंड, स्वीडन आणि तैवानमधल्या होत्या, तरी त्यांचे नकाशे बरेच जुळले. रागात डोके, छाती आणि हात उजळले. दुःखात हातपाय मंदावलेले दिसले. हे वाचताना मराठी वाचकाला ‘हातपाय गळणे’ आणि ‘डोके तापणे’ आठवल्याशिवाय राहणार नाही.

पण साठा सर्वांचा सारखाच असला तरी शरीरे सारखी नसतात, आणि इथे विषय मला विशेष रंजक वाटतो. मराठीत एखादी गोष्ट दुसरीपेक्षा ‘उजवी’ ठरते आणि नकोशा माणसाला ‘डावलले’ जाते. ही शब्दरचना उघडच उजव्या हाताने काम करणाऱ्या बहुसंख्यांच्या शरीरातून आली आहे. डावखुरी व्यक्तीही तेच शब्द वापरते, तिला दुसरे उपलब्ध नाहीत. मग तिच्या शरीराचे काय होते? डॅनियल कासासांतो यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चांगली वस्तू कोणत्या बाजूला ठेवाल असे विचारले असता उजव्या हाताची माणसे बहुधा उजवी बाजू निवडत होती आणि डावखुरी माणसे डावी. पुढच्या वर्षी त्यांनी आणि काइल जॅस्मिन यांनी अमेरिकेतल्या २००४ आणि २००८ च्या अध्यक्षीय वादचर्चांमधले हातवारे तपासले. बुश आणि केरी हे उजव्या हाताचे, तर ओबामा आणि मॅकेन हे डावखुरे; चांगल्या अर्थाचे वाक्य बोलताना प्रत्येकाचा स्वतःचा सरावाचा हात जास्त पुढे येत होता. शब्द बहुसंख्यांचे, हातवारे स्वतःचे. २०११ मधल्या एका अभ्यासात हेही दिसले की पक्षाघाताने उजवा हात निकामी झालेल्या, मूळच्या उजव्या हाताच्या व्यक्तींचा कल डाव्या बाजूकडे वळला होता. प्रौढ वयात शरीर बदलले तरी विचारांची ठेवण त्याच्यामागे जाऊ शकते, हे या निष्कर्षावरून दिसते, आणि प्रश्नकर्त्या व्यक्तीच्या अनुभवाशी त्याचा जवळचा संबंध आहे.

एकच सूचना हातवाऱ्यांविषयी: कोणी शब्द शोधत असेल तर तिचे हात धरून ठेवू नयेत किंवा ‘हात न हलवता बोल’ असे सांगू नये. १९९६ मध्ये रॉशर, क्राउस आणि चेन यांनी दाखवले की हातवारे रोखले की जागा, दिशा, आकार यांविषयीचे बोलणे मंदावते आणि अधिक अडखळते. जन्मतः अंध व्यक्ती दुसऱ्या अंध व्यक्तीशी बोलतानाही हातवारे करतात, तेव्हा ते केवळ ऐकणाऱ्याला दिसावेत म्हणून नसतात.

आता तिसरी गोष्ट, म्हणजे आजचे शरीर. इथे लोकांचे लक्ष नामांकडे आणि वाक्प्रचारांकडे जाते. माझे लक्ष क्रियापदाच्या रूपाकडे असते. ‘मी जिना चढत नाही’ आणि ‘मला जिना चढवत नाही’ ही दोन वाक्ये मराठी माणूस कधीच एकमेकांच्या जागी वापरत नाही. पहिल्यात निर्णय आहे किंवा सवय आहे. दुसऱ्यात इच्छा शाबूत आहे आणि शरीर साथ देत नाही. व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणतात, आणि शरीराच्या मर्यादेसाठी भाषेने क्रियापदाचे एक वेगळे रूपच राखून ठेवावे ही मला असामान्य गोष्ट वाटते. मराठीत ‘मी’ची जागा ‘मला’ने घेण्याची रीत शरीरात आपोआप घडणाऱ्या इतर गोष्टींसाठीही आहे: मला भूक लागते, मला थंडी वाजते, मला झोप येते. यांतले काहीच मी करत नाही, ते माझ्यापर्यंत येते. राग आणि आठवणही त्याच रांगेत बसतात. शक्य क्रियापदही शरीरापुरते थांबत नाही. ‘बघवत नाही’, ‘ऐकवत नाही’, ‘राहवत नाही’ हे आपण धडधाकट असतानाही म्हणतो, कारण मनाची असमर्थता सांगायला शरीराच्या असमर्थतेचे व्याकरण हाताशी असते.

दीर्घ आजारात अनेकांच्या बोलण्यात ‘मी’ कमी होत जातो आणि ‘मला’ वाढतो, असे माझ्या पाहण्यात वारंवार आले आहे. पक्षाघातानंतर काही जण याहून पुढे जातात आणि ‘हा हात ऐकत नाही’, ‘तो पाय कुठे जातो कळत नाही’ असे स्वतःच्या अवयवाविषयी तिऱ्हाइतासारखे बोलतात. यावरून निदान करू नये, पण याकडे कान असावा. उपचार चांगला चालला असेल तर कधीतरी ‘आज मी उठले’ असे वाक्य येते, आणि त्यातला ‘मी’ ऐकू आला की मी तो नोंदवून ठेवते, कारण ‘आज मला उठवले’ यापेक्षा ते वेगळे विधान आहे.

मेंदूच्या पातळीवर याला आधार आहे का? काही प्रमाणात आहे. हाउक, जॉन्सरूड आणि पुल्वरम्यूलर यांनी २००४ मध्ये दाखवले की चाटणे, उचलणे, लाथ मारणे अशा अर्थांची क्रियापदे नुसती मनात वाचली तरी मेंदूच्या हालचाल घडवणाऱ्या पट्ट्यात अनुक्रमे तोंड, हात आणि पाय यांच्या जागांजवळ सक्रियता वाढते. बूलांजे यांच्या गटाने २००८ मध्ये पार्किन्सनच्या रुग्णांचा अभ्यास केला, तेव्हा औषधाचा अंमल नसताना कृतिवाचक क्रियापदांची प्रक्रिया बिघडलेली आढळली आणि वस्तूंची नावे फारशी बाधित नव्हती. औषध घेतल्यावर क्रियापदांची बाजू सुधारली. ज्या आजारात हालचाल सुरू करणेच अवघड होते त्यात हालचालीचे शब्दही जड जावेत, हे केवळ काव्यात्म वाटत असले तरी मोजता येण्यासारखे आहे.

मात्र याच क्षेत्रात अतिशयोक्तीही पुष्कळ झाली आहे. गरम पेला हातात धरला की समोरचा माणूस प्रेमळ वाटतो, हा २००८ चा गाजलेला निष्कर्ष मोठ्या संख्येने लोक घेऊन पुन्हा तपासला तेव्हा टिकला नाही. वाक्यातल्या हालचालीची दिशा आणि हाताच्या हालचालीची दिशा जुळली की उत्तर लवकर मिळते, हा २००२ चा निष्कर्षही अनेक प्रयोगशाळांनी मिळून तपासल्यावर दिसेनासा झाला. क्षणिक स्पर्शाने शब्द बदलतात यावर माझा विश्वास नाही. महिनोन्महिने चाललेले दुखणे, गमावलेली हालचाल, रोजचा श्वासाचा तुटवडा यांनी ते बदलतात, कारण तिथे लक्ष सतत त्या जागी जात असते.

प्रश्नकर्त्या व्यक्तीच्या चार शब्दांचे स्पष्टीकरणही मी असेच करेन. ‘निर्णयाचा तोल’ किंवा ‘जबाबदारीचे ओझे’ म्हणताना बहुतेकांना शरीर आठवतही नाही. वापरून वापरून त्या शब्दांतला देह झोपी गेलेला असतो. ज्या व्यक्तीला अंथरुणातून उठताना दररोज आधी तोल आणि मग पाय सांभाळावा लागतो, तिच्यासाठी तो शब्द पुन्हा जागा होतो. शब्द भाषेने दिलेलाच असतो, पण दहा पर्यायांतून तोच आधी हाती लागतो, कारण दिवसभर त्या अनुभवाशी तिची गाठ पडत असते. म्हणून घरच्यांनी ऐकले ते खरे आहे आणि ते आजारी मनाचे लक्षणही नाही.

अनुभव नसलेल्यांचे शब्द पोकळ असतात का, या प्रश्नाचे माझे उत्तर ठाम नकार असे आहे. लांडाउ आणि ग्लाइटमन यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात एका जन्मतः अंध बालिकेचा अभ्यास आहे. तिला ‘वर बघ’ म्हटले की ती मान वर न करता हात वर करून चाचपडत असे, आणि डोळ्यांवर पट्टी बांधलेली डोळस मुले मात्र मान वर करत. बघणे म्हणजे वस्तूचा शोध घेणे हा गाभा तिने अचूक पकडला होता आणि तो आपल्या शरीराने पुरा केला होता. जन्मतः हात नसलेल्या व्यक्तीही हातांच्या कृती इतरांइतक्याच चांगल्या ओळखतात आणि त्यांचा अर्थ लावतात, हे वॅनुस्कॉर्प्स आणि कारामाझ्झा यांनी दाखवले आहे. इतरांच्या बोलण्यातून माणूस फार मोठे ज्ञान मिळवतो. शिवाय शरीर सारखे असूनही शब्द वेगळे असू शकतात: मलय द्वीपकल्पातल्या जहाई भाषकांना वासांची नावे रंगांच्या नावांइतक्याच सहजतेने सांगता येतात, तर इंग्रजी भाषक त्याच कामात चाचपडतात, असे माजिद आणि बुरेनहुल्ट यांनी २०१४ मध्ये नोंदवले. त्या भाषेत वासांसाठी खास शब्द आहेत. फरक नाकाचा नव्हे, जगण्याच्या पद्धतीचा आणि भाषेचा आहे.

याचा व्यावहारिक उपयोग सर्वांत जास्त होतो तो वेदना सांगताना. रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ मध्ये वेदनेची जी प्रश्नावली दिली तिच्यात ७८ शब्द २० गटांत मांडलेले होते, आणि वेदनेची तीव्रता नुसती आकड्यात विचारण्यापेक्षा तिचा प्रकार शब्दांत विचारल्याने अधिक कळते हे तिने वैद्यकात रुजवले. मराठी या बाबतीत फार श्रीमंत आहे. नाडीच्या ठोक्याबरोबर येणारे दुखणे ठसठसते किंवा ठणकते, क्षणात येऊन जाणारी ती चमक, उठून पसरत जाणारी ती कळ, त्वचेवर चुरचुरते किंवा झोंबते, सांधा आखडतो, पाठ अवघडते, पायाला रग लागते. ठसठस, चुरचुर, जळजळ यांतली पुनरावृत्ती पाहा: जे दुखणे चालू राहते त्याच्या शब्दातही तेच अक्षर फिरून येते, आणि चमक एकदाच येऊन संपते तशी शब्दातही एकदाच येते. डॉक्टरांसमोर गेल्यावर मात्र लोक हे सारे सोडून ‘पेन आहे, जास्त आहे’ एवढेच सांगतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. आग होणे, विजेचा झटका बसल्यासारखे वाटणे, मुंग्या येणे, बधिरपणा ही वर्णने मज्जातंतूंच्या वेदनेकडे निर्देश करू शकतात आणि तिचे उपचार स्नायूंच्या दुखण्याहून वेगळे असतात. मणक्याच्या आजारात हा भेद विशेष महत्त्वाचा आहे, तेव्हा आपला घरचा शब्द न बदलता तसाच सांगावा.

घरच्यांसाठी माझी सूचना अशी की त्या व्यक्तीचे शब्द दुरुस्त करू नयेत आणि आपले शब्द तिच्यावर लादू नयेत. ‘ओझे वाटते’ असे ऐकल्यावर ‘असे नकारात्मक बोलू नकोस’ म्हणण्याऐवजी कशाचे ओझे, ते केव्हा हलके होते, असे तिच्याच शब्दाला धरून विचारावे. ‘तू लढवय्यी आहेस’ हे वाक्यही जपून वापरावे. कर्करुग्णांच्या बोलण्याचा एलेना सेमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लँकेस्टर विद्यापीठात केलेला अभ्यास सांगतो की लढाईच्या प्रतिमेने कोणाला बळ येते, तर कोणाला आजार बळावल्यावर आपणच कमी पडलो असे वाटते. प्रवासाची प्रतिमाही कोणाला दिलासा देते आणि कोणाला नकोशी होते. प्रतिमा कोणती वापरायची हे ज्याचे शरीर आहे त्याने ठरवावे.

शब्द पूर्वीसारखे होतील का, हेही बहुधा मनात असेल. दुखणे मागे पडते तसे लक्ष मोकळे होते आणि हे शब्द सहसा विरळ होतात. काही राहतात, आणि त्यांना हट्टाने हाकलण्याची गरज नाही. मात्र वर जे सांगितले ते शब्दांची निवड बदलण्याविषयी आहे. ओळखीचा शब्दच न सापडणे, एका शब्दाच्या जागी भलताच शब्द येणे, उच्चार जड किंवा अस्पष्ट होणे, समोरच्याचे बोलणे न समजणे हा वेगळा प्रकार आहे. तो हळूहळू वाढत असेल तर मज्जातंतूतज्ज्ञांना दाखवावे, आणि अचानक सुरू झाला, विशेषतः चेहरा एका बाजूला ओढला गेला असेल किंवा एका हाताची शक्ती गेली असेल, तर तो पक्षाघात असू शकतो; अशा वेळी थोड्या वेळाने बरे वाटेल म्हणून न थांबता त्याच क्षणी रुग्णालय गाठावे आणि लक्षणे नेमकी किती वाजता सुरू झाली ते तिथे सांगावे, कारण रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध देता येईल की नाही हे त्या वेळेवर ठरते.